व्हॉल्व्हचा ओरखडा

बडोदे, रविवार, नोव्हेंबर १९९७

पाठीवर ओरखडा आलाय. ट्रकच्या ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह लागला. खोल नाही.

आज आम्ही कारखान्यातली मंडळी सहकुटुंब मही नदीवर सहलीला गेलो होतो. ट्यूबमध्ये बसायचं आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत जायचं. सेफ्टी ऑफिसर मी, म्हणून लाइफ जॅकेटं मीच नेली होती. सुनंदाने ड्रेसवर जॅकेट चढवून सगळे पट्टे आवळले. कारखान्यातले जयेशभाई हसले, "भाभी, आ दरियो नथी, मही छे!" मीही हसलो. स्वतःच्या बायकोला. का?

ट्यूबमध्ये तो व्हॉल्व्ह पाठीला टोचत होता. जयेशभाईंनी आपलं जॅकेट काढून त्यावर टाकलं आणि ऐटीत रेलले. मीही तेच केलं. हेल्मेट हँडलला अडकवून येणाऱ्याला मी गेटवरून परत पाठवतो. आणि इथे हे.

वळणावर ट्यूब उलटली. तोच व्हॉल्व्ह पाठ ओरबाडून गेला. पायाला तळ लागेना. माझं जॅकेट माझ्यापुढे छान तरंगत निघून गेलं. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं, आणि मग मागून कोणीतरी शर्टाची कॉलर धरली. सुनंदाने. तिला पोहता येत नाही. ती नुसती तरंगत होती आणि मी तिला धरून होतो. काठावर सगळे बघत होते. जयेशभाई हसले नाहीत.

मगाशी ओरखड्याला टिंक्चर लावताना सुनंदा एवढंच म्हणाली, "टेकायला उशी हवी होती, तर घरून आणली असती की."