मंगळवारची गोळी

१३ ऑगस्ट २०२४, मंगळवार

ताईचा सीटी स्कॅन आला. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी चट्टे. डॉक्टर मॅडमनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली — मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसत होतं. म्हणाल्या, "हा संधिवाताचाच भाग. सांध्यांना सूज येते तशी फुप्फुसांनाही येते. मग ती कडक होत जातात." आणि आम्ही सहा महिने तिला खोकल्याच्या बाटल्या पाजत बसलो.

मनोहरभाऊजी एकच विचारत होते. "मॅडम, ते हप्त्यातून एकदा गोळी घेते ना, तिच्यानं तं नाही झालं हे?"

"ती गोळी क्वचित फुप्फुसाला त्रास देते," मॅडम म्हणाल्या. "पण तो एकदम होतो, बहुतेक पहिल्या वर्षभरात. हे हळूहळू झालेलं आहे. आजारानं. तरी आता ती बंद करू."

आजारानं झालं तर मग गोळी बंद कशाला? तोंडावर आलं होतं, विचारलं नाही. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

घरी आल्यावर माझी मंगळवारची गोळी काढली. तीच — मेथोट्रेक्सेट. आम्ही दोघी बहिणी, दोघींना एकच आजार, एकच गोळी. ताईला अकरा वर्षं झाली, मला पाच. तळहातावर घेऊन बराच वेळ बसले. परत डब्यात टाकली.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. मुलींना रांगेत उभं करताना मनात फक्त ते पोळं.

२० ऑगस्ट

दुसरा मंगळवार. नाही घेतली.

१ सप्टेंबर, रविवार

खापरखेड्याला ताईकडे जाऊन आले. ताई कणीक मळता मळता थांबली, ओट्याला टेकली, तोंड उघडं ठेवून श्वास घेत राहिली. परात मी ओढून घेतली. माझी मनगटं दुखत होती, पण मळली.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ताई अठराची. तिनं स्वतःचं कॉलेज सोडलं आणि मला डीएडपर्यंत नेलं. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझ्या मुलाखतीला उन्हात कळमेश्वरपर्यंत ती आली, बाहेर लिंबाखाली बसून राहिली. मी लग्न नाही केलं, त्यावरून लोकांशी भांडलीही तीच.

जेवताना म्हणाली, "नंदे, तू गोळी घेऊन राहिली ना?"

"हो."

"सोडू नको वं. काही झालं तरी सोडू नको."

तिच्याशी खोटं बोलले. अकरा वर्षं त्या गोळीनं हिला आतून पोखरलं आणि हिला काळजी माझी.

२४ सप्टेंबर

मॅडमनी आज माझाही स्कॅन बघितला. स्वच्छ आहे. "तुमची गोळी चालू ठेवा, ती तुम्हाला सांभाळतेय," म्हणाल्या. मी मान हलवली. सहा मंगळवार झाले, हे नाही सांगितलं.

ताईसाठी नवीन औषध सुचवलं. सलाइनमधून द्यायचं, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा, मग सहा महिन्यांनी. फुप्फुसं आहेत तिथं थांबू शकतात. पण अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, साधा ताप न्यूमोनियावर जाऊ शकतो. "न देण्यातही धोका आहे. आजार थांबणार नाही. मला विचाराल तर द्यावं. चार-पाच दिवसांत कळवा."

वहीच्या पानावर उभी रेघ मारली. एकीकडे फायदे, एकीकडे धोके. धोक्यांची बाजू भरली. दुसऱ्या बाजूला 'थांबू शकतात' एवढंच. 'शकतात'वर कोणाचा जीव टाकायचा?

२९ सप्टेंबर, रविवार

ताईकडे सगळे बसलो. भाऊजी म्हणाले, "मले यातलं काही समजत नाही. नंदिनी, तू शिकलेली आहेस. तू सांग, तसं करू."

मी म्हटलं, "नको. एका औषधावर अकरा वर्षं भरवसा ठेवला. काय झालं ते दिसतंच आहे."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार असं वाटलं, पण खोकला आला. मी पाणी दिलं. पेला खाली ठेवून म्हणाली, "तुमी म्हणान तसं."

मला वाटतं तिलाही सुटल्यासारखं झालं. फोन मीच केला. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विचार बदलला तर कधीही या."

१२ ऑक्टोबर

दरवर्षी दोघी दीक्षाभूमीवर जातो. गर्दीत ती माझं मनगट धरून चालते, अजूनही, मी पन्नाशीला आले तरी. यंदा तिला दारापासून रस्त्यापर्यंत जाववत नाही. मीही नाही गेले. तिच्या घरी वंदना घेतली. त्रिसरण म्हणताना दुसऱ्या ओळीला तिचा दम संपला, पुढचं मी एकटीनं म्हटलं.

५ नोव्हेंबर

खडू धरवत नाही. फळ्यावर तारीख लिहिताना हातातून दोनदा पडला. सकाळी नळ कोपरानं उघडते. कळतंय मला, गोळी सोडल्याचं आहे हे. पण बोटं वाकडी झाली तर माणूस जगतं. श्वासाचं तसं नाही.

१८ डिसेंबर

ताईकडे ऑक्सिजनचं मशीन आणलं. ती त्याच्या नळीच्या लांबीएवढ्यातच फिरते — पलंग, खुर्ची, खिडकी. थंडी फार आहे.

३ जानेवारी २०२५

परवा ताप आला, काल दवाखान्यात हलवलं. न्यूमोनिया. ज्या भीतीनं सलाइन नको म्हटलं तेच, सलाइन न घेता.

मॅडम बोलल्या, "फुप्फुसांत आधीच जागा कमी उरली होती." दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दुपारी ताईनं माझा हात हातात घेतला. बोटं एकेक करून चाचपली, सुजलेल्या पेरांवर अंगठा फिरवला. मास्कमधून विचारलं, "सोडली?"

या वेळी खोटं बोलता आलं नाही. "हो ताई. ऑगस्टपासून."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. मी म्हटलं, "माझी नको काळजी करू, मी बरी आहे." ती मान हलवत राहिली — नाही, नाही. काय नाही ते सांगण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता.

६ जानेवारी

ताई गेली. सकाळी सव्वासहाला. भाऊजी चहा आणायला खाली गेले होते. मी होते.

९ जानेवारी

शाळेतून फोन येतात. उचलत नाही. माझी वेणी आज घातली गेली नाही, बोटं वळत नाहीत. केस तसेच बांधले.

१४ जानेवारी

काल ताईच्या नावानं पुण्यानुमोदन झालं. माणसं पांगल्यावर ताईच्या शेजारच्या शोभाताईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि रडायलाच लागल्या. "माह्याच्यानं झालं काय वं हे? तुह्या ताईनं सात वर्षांपासून ते गोळी सोडली होती. लय मळमळे तिले. मीच तिले माह्या माहेरच्या गावाहून चूर्ण आणून देत होती. कोणाले सांगू नको म्हणे. नंदीले समजलं तं ते बी सोडून देईन म्हणे."

सात वर्षं. डॉक्टरकडे दर वेळी "घेते" म्हणून सांगत आली.

म्हणजे गोळीनं काही केलंच नव्हतं. सात वर्षं ती पोटात गेलीच नव्हती.

आज मॅडमना फोन करून माझं सगळं सांगितलं. उद्या बोलावलंय.

भाऊजींना त्या सात वर्षांचं अजून बोलले नाही. सलाइन नको, हे मी म्हटलं होतं.