तळ्याचं लग्न अन् माझी रेघ

३ एप्रिल, शुक्रवार
घोळ झाला. माझ्याच हातानं.
रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या पलीकडून गॅसची पाइपलाइन जायची आहे. तिची रेघ मीच ऑफिसात बसून आखली होती, सुतासारखी सरळ. पटवाऱ्याच्या कागदात ती जमीन ‘पडीत’, उपग्रहाच्या फोटोतही पडीतच. आज पायी गेली तर मधात तळं! फोटो जुना निघाला. गावातल्या बायांनी मागचे दोन उन्हाळे खपून खणलं. पाइपवर घर चालत नाही, झाड चालत नाही, तळं तर नाहीच. म्हणजे एक तर तळं बुजवा, नाहीतर रेघ वळवा.
बायांची म्होरकी सुकवारो दाई (दाई म्हणजे इकडं आई), साठीची. माझ्या हातातला मोजणीचा लाल-पांढरा दांडा पाहून म्हणे, “हमर बेटी ला देखे बर आए हव का?” बेटी म्हणजे तळं, अन् मी पाहायले आलेली. चहा पाजला. रेघेचं न सांगताच पिऊन आली.

६ एप्रिल, सोम.
आमचे बॉस मिश्रा साहेब (पुढे मि.सा., रोज किती लिहू) म्हणाले, “काग़ज़ में तालाब है? नहीं है. तो नहीं है.”
वीस तारखेले नकाशा पक्का होऊन हेड ऑफिसले जाणार. वळवायची तर पाइप लांबते, अन् पूर्वेकडच्या सहा शेतवाल्यांची संमती लागते. “कौन लाएगा? आप?”
हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं. निस्तर आता.
घरी आईले सांगितलं. तिचा पट्टा सुरू: “काहून वं, त्या बायांनी दोन उन्हाळे माती वाहिली, अन् तू एका रेघेत बुजवून राहिली?” खूप वाईट वाटलं. दोन पोळ्या खाल्ल्या तरी.

९ एप्रिल, गुरु.
सुकवारो दाईले खरं ते सांगून टाकलं. चूक माझी, वीस तारखेपर्यंतच वेळ. वाटलं, हाकलते आता. ती तर हसतच सुटली! म्हणे कागदावर कशी चढेल, अजून बिहाव कुठं झाला तिचा?
इकडं तळ्याचं लग्न लावतात. मधोमध सरईचा, म्हणजे सालाच्या लाकडाचा, खांब रोवायचा, तो नवरदेव. लग्न लागल्यावरच पाणी पूजेले चालते अन् तळ्याले नाव पडते. जन्म रायपुरातला, बुढापारा मोहल्ल्यात वाढली, अन् मले हे माहीत नाही. लाज वाटली.
मुहूर्त अक्तीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, १९ ले.
“तुमन नापे हव, चारों कोती ले देखे हव. अब छोड़ के जाहू? तुमन तो लइका वाले!”
घ्या. मापलं, चहूकडून पाहिलं, आता सोडून कसं जाता म्हणे. आमचं ऑफिस वरपक्ष.

१४ एप्रिल, मंगळ.
सहापैकी दोघं हो. दोघं “देखबो”, म्हणजे पाहू. दोघं भेटलेच नाही. उन्हानं डोकं तापलं.
गावाकडून आमंत्रण आलं, पिवळे तांदूळ. मि.सां.च्या टेबलावर ठेवले. एक दाणा चिमटीत उचलून पाहिला. “ये ऑफ़िशियल है क्या?”
म्हटलं, एकदम.

१९ एप्रिल, रवि. अक्ती
काय मजा आली बापा! आईले घेऊन गेली. गंडवा बाजा असा वाजत होता की ती पण थिरकली, गुडघे विसरून. चार माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, खांब उभा झाला, बायांनी एकच कल्ला केला.
अन् मि.सा. आले! पांढरा शर्ट घालून, म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. दोन मिनिटांत हळदीनं पिवळे. मग नाचले. खरंच नाचले. फोटो आहे माझ्यापाशी.
पंगतीत सुकवारो दाई एकेका शेतवाल्यापुढं भाजीचं भांडं घेऊन उभी. आधी वाढायचं, मग विचारायचं, बेटीच्या लग्नात नाही म्हणशील का? सहाही सह्या झाल्या. फॉर्मवर हळदीचे डाग. मले रडू आलं, आनंदानं, कोण पाहते याची पर्वा नाही केली.
तळ्याचं नाव ठेवलं दुलारी.

२० एप्रिल, सोम.
मि.सां.ची मान अजून पिवळी. नवा नकाशा समोर ठेवला. जमिनीच्या रकान्यात ‘पडीत’च्या जागी मी लिहिलं होतं: तालाब, विवाहित. दोनदा वाचलं त्यांनी. पेन काढलं. गेलं, खोडतात आता.
“नाम भी लिखिए. दुलारी.” सही करून टाकली.
नकाशा हे.ऑ.ले गेला. आता त्यांच्या हातात.

२२ एप्रिल, बुध.
तेलीबांध्याच्या आमच्या ऑफिसच्या गेटवर अकरा बाया, हातात टोपल्या. गार्ड विचारते, किससे मिलना है? सुकवारो दाई: “समधी ले.” म्हणजे व्याह्यांना!
चौथिया! लग्नाच्या चौथ्या दिवशी माहेरचे लोक सासरी पोरीची खुशाली पुसायले जातात, ठेठरी-खुरमीचा फराळ घेऊन. सगळ्या मि.सां.च्या केबिनमध्ये. मि.सां.च्या तोंडात ठेठरी, अन् तेवढ्यात हे.ऑ.चा फोन. पाइप लांबली काहून? मि.सा. म्हणाले, “सर, लड़की वाले सामने बैठे हैं. इनके सामने ना मत बुलवाइए.”  तिकडचा म्हणे होल्ड करा, मोठे साहेब मीटिंगमधून येऊन राहिले.
मि.सां.नी स्पीकर चालू केला. होल्डची धून वाजून राहिली आहे, बाया तिच्यावर टाळ्या देऊन राहिल्या, अन् मी हे लिहून राहिली.