रश्श्यातलं मीठ

प्रभूमध्ये प्रिय जाऊबाई,
सलाम.

प्रार्थनेआधी काही चाखायचं नाही, हा आपल्या सासूबाईंचा नियम. म्हणून नऊ वर्षांपूर्वी चर्चचे पाळकसाहेब जेवायला आले, तेव्हा तुमच्या रश्श्यात मीठ जास्त झाल्याचं पहिल्या घासालाच कळलं. सासूबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "थोरलीचं लक्ष चुलीवर कमी, आरशात जास्त!" सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी ताटात पाहिलं.

तुम्ही कपडे बदलायला गेलात, तेव्हा ते मीठ मी घातलं होतं. तुम्ही विसरलात असं वाटलं, म्हणून चांगल्या हेतूनंच घातलं. पण नंतर गप्प बसले, ती चांगल्या हेतूनं नव्हे. कौतुक नेहमी तुमचंच व्हायचं. एक दिवस तुम्हालाही ऐकावं लागलं, याचं मला बरं वाटलं. उरलेला रस्सा टाकवेना, पाणी घालून दोन दिवस पुरवला. त्याच महिन्यात तुम्ही वेगळं बिऱ्हाड केलंत.

परवा उपासनेत प्रभुभोजनाचा प्याला आला आणि मला तो ओठाला लावता येईना. शेजारणीकडे सरकवला. "बरं नाही का गं?" तिनं विचारलं. मी मान डोलावली. देवाच्या घरात आणखी एक खोटं.

आज तोच रस्सा केलाय. देवाची क्षमा मागून प्रार्थनेआधीच चमचाभर चाखला. मीठ बेताचं आहे. हे पत्र टपालात टाकत नाही. कागदावर कबूल करणं सोपं असतं. मीच डबा घेऊन येते. दार उघडलंत, तर आधी सांगेन, मग डबा उघडेन.

तुमची,
धाकटी