व्याह्यांनी फ्रान्सात सायकलवर बसू नये म्हणून

कंधार,
श्रावणातला पहिला सोमवार

राजमान्य व्याही नागप्पाजी, मुक्काम रेणापूर, यांना पंचाक्षरीचे मनापासून शरणार्थ.

आम्ही दोघं फ्रान्सहून धडधाकट परत आलो (धडधाकट हा शब्द महामायाबद्दल आहे, माझ्याबद्दल पुढं येईलच). तुमची शुगर, विहीणबाईंचा खांदा आणि खालच्या रानातलं सोयाबीन, तिघांचीही तब्येत कळवावी. आमच्याकडं सोयाबीनवर चक्रीभुंगा पडलाय. तुमच्याकडं पडला नसेल तर पडेल, काळजी नसावी. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून पत्र.

पत्रास कारण की, तुम्ही उभयता सप्टेंबरात पोरांकडं निघालात असं आमच्या तनुजानं सांगितलं. आनंद आहे. जावं. पण जाण्याआधी तुमच्या चिरंजीवांच्या एका छंदाची कल्पना तुम्हाला देणं हे मी माझं कर्तव्य समजतो. उमाशंकरराव ऑफिसात हुशार असतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मात्र सुट्टीच्या दिवशी हा माणूस चांगला, काळाभोर, एक खड्डा नसलेला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीवर सायकल घालतो. मुद्दाम, नागप्पाजी! मी अख्खी नोकरी कंधार डेपोची एस.टी. चालवली. खडीच्या रस्त्यांनी माझे मणके एकमेकांत गेले, गाडीतल्या म्हाताऱ्यांनी रस्त्याचा राग माझ्यावर काढला, आणि देवाकडं मी दुसरं काही मागितलं नाही, डांबर मागितलं. तिकडं या खडीचे नकाशे काढतात, त्यावर गुण देतात, आणि अमक्या डोंगरातली खडी तमक्या डोंगरापेक्षा गोड आहे अशा चर्चा करतात.

पोरं राहतात त्या भागाचं नाव मोर्वां. (मोर एकही नाही, मी विचारलं.) सगळा डोंगराळ मुलूख, दाट जंगल, मध्ये तळी, आणि उतारावर पांढऱ्याशुभ्र गाई. बघायला झकास, पण बसून बघावा असा. एका शनिवारी जावई म्हणाले, "मामा, उद्या माझी सुट्टी हाय. एक सोपा रूट करू. तुम्ही तर घाटातून गाड्या काढल्यात, तुम्हाला काय अवघड!" आता जावयानं कौतुक करून आग्रह केल्यावर सासऱ्यानं न्हाई कसं म्हणावं? शिवाय खरं सांगायचं तर पोरगी इतक्या लांब दिली, आणि हा माणूस आतून कसा आहे हे मला ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यापासून आमचं बोलणं म्हणजे "प्रवास बरा झाला का" आणि "भात वाढू का" एवढंच. म्हटलं, सोबत जाऊन बघावं.

माझ्यासाठी भाड्यानं बॅटरीची सायकल आणली. सोबत एक चड्डी दिली, जिला बसायच्या जागी आतून गादी शिवलेली होती. ती घालून मी हॉलमध्ये आलो तेव्हा महामाया सोफ्यावर आडवी होऊन हसली. मी वरून धोतर नेसतो म्हटलं, तर ते चाकात जाईल म्हणे. शेवटी वरून माझी विजार चढवली आणि निघालो.

गाव संपलं आणि जावयांनी डांबर सोडलं. मी ओरडलो, "जावईबापू, रस्ता चुकला!" तर मागं वळून म्हणतात, "न्हाई मामा, हाच तो. याला ग्रॅव्हल म्हणतात." मी म्हटलं, आमच्याकडं याला बिल निघेपर्यंत थांबलेला रस्ता म्हणतात. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो (महामाया म्हणते मला थोडक्यात जमत नाही, तिनं वाचू नये). तीन डोंगर झाले, पण चहाची टपरी एकही नाही. रस्ता विचारावा तर माणूस नाही. हँडलवरचं मोबाईलएवढं यंत्र जिकडं बाण दाखवील तिकडं जायचं. मी बॅटरी पहिल्यापासून सगळ्यात वरच्या नंबरावर ठेवली होती, कारण खाली ठेवायची असते हे मला कोणी नीट सांगितलं नाही. (सांगितलं होतं. वारा होता.) ती ऐन चढात संपली. बॅटरी संपलेली ती सायकल म्हणजे हट्टाला पेटलेली म्हैस. ती ढकलतोय तोवर पुढं फस्सकन आवाज आला. तुमच्या चिरंजीवांच्या चाकात ट्यूबच नसते, दुधासारखं काहीतरी भरलेलं असतं, आणि पंक्चर झालं की त्यानंच भोक बुजवायचं असतं. ते चाकात न राहता सगळं यांच्या तोंडावर उडालं. जावई बुजगावण्यासारखे पांढरे होऊन उभे. यंत्राचा बाण मात्र निवांत उजवीकडं, एका कुरणातून पलीकडं. मध्ये एक तार. मी म्हटलं, तारेचं काय एवढं, आणि हातानं वर उचलली.

नागप्पाजी, ती झटका मशीनची तार होती. आपण रानडुकरांसाठी लावतो तीच.

मी गवतात बसलो होतो आणि माझ्या तोंडून गेलं, "अरे गधड्या, गाईगुरांत कुठं हिंडवून राहिलास मला? रस्त्यावर ने!"

जावयाला! अरे-तुरे! गधडा! वाटलं, संपलं, आता पोरीला काय भोगावं लागेल. उमाशंकरराव ते पांढरं तोंड घेऊन माझ्याशेजारी गवतात बसले आणि म्हणाले, "मामा, अजून एकदा बोला."

"काय?"

"घरी अप्पा असंच बोलतात. इथं समदे लई गोड बोलतात. मला कोणी गधडा म्हणलं न्हाई, कधीपासून."

म्हणून अजून एकदा बोललो. मग सवय लागली.

आमचा आवाज ऐकून कुरणाची मालकीण आली. ओदेत नावाची, माझ्याच वयाची बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिनं मला हाताला धरून उठवलं आणि घरात नेऊन गरम सूप दिलं. (त्याआधी मांस मांडलं होतं, जावयांनी समजावून ते उचलायला लावलं.) जावयांनी आधी तनुजाला फोन लावून "मामा ठणठणीत हायेत" असं सांगितलं, मग स्वतःचं तोंड धुतलं, हे मी बघितलं. मी बाईला मोबाईलमधली आपली लाल कंधारी गाय दाखवली. ती काय बोलली ते मला कळलं नाही, मी काय बोललो ते तिला कळलं नाही, पण गाईच्या कासेवर, वशिंडावर आणि चाऱ्याच्या भावावर आमची बराच वेळ चर्चा झाली. शेवटी तिनंच दोन्ही सायकली तिच्या व्हॅनमध्ये टाकून आम्हाला घरी सोडलं. दारात आमची अवस्था बघून तनुजा खाली बसून हसली. लग्नाआधी हसायची तशी. त्या रात्री मला झोप चांगली लागली, पालथं झोपूनसुद्धा.

तर सांगायचं एवढंच की हा प्रकार तुमच्या वयाला आणि शुगरला झेपणारा नाही. कृपया विचार करावा. विहीणबाईंना महामायाचा नमस्कार.

आपला,
पंचाक्षरी

ता. क. – सप्टेंबरात तिकडं गारठा सुरू होतो म्हणे. तुमचं जाणं उन्हाळ्यापर्यंत पुढं ढकलता आलं तर तुमच्याच सोयीचं होईल. पोरांचं घर लहान, एका वेळी एकच जोडी मावते. सप्टेंबरातली जागा वाया जाऊ नये म्हणून, तुमची हरकत नसेल तर, मी जाऊन येईन. व्हिसा अजून चालू आहे. उमाशंकर सप्टेंबरात तळ्यांच्या कडेनं दोन दिवसांचा रूट करणार आहे, सोबतीला कोणीतरी घरचं माणूस हवं.

ता. क. २ – नागप्पा अण्णांना महामायाचे शरणार्थ. यांना पाकीट चिकटवायला डिंक सापडत नव्हता, तेवढ्यात मी वाचलं. तुम्ही ठरल्याप्रमाणं सप्टेंबरातच जा, यांचं ऐकू नका. यांनी सायकलवाल्या निजामोद्दीनभाईंकडून जाड चाकाची जुनी सायकल घेतलीय, रोज सकाळी ती गादीची चड्डी घालून किल्ल्यामागं हिंडून राहिलेत. परवा आमच्या गल्लीत डांबर टाकायला माणसं आली, तर हे रस्त्यात आडवे उभे राहिले आणि म्हणले, चांगल्या खडीची नासाडी करू नका. डांबराची गाडी वापस गेली. गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलत न्हाईत.