छातीवरची तुळई

हैदराबाद

चि. उज्वलास केवळाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तपासणीचा विषय काढला की तुझ्या मेसच्या पोळ्या करपल्या म्हणून तू फोन ठेवतीस. म्हणून लिहून राहिले.

माझी काळजी करू नको. पोरगा सत्यम जवळ हाय. दवाखान्यातलं जेवण बरं हाय, वरण तेवढं लई आंबट. उद्या सकाळी माझे दोन्ही स्तन काढतील. अजून कॅन्सर न्हाई, पण आईकडून आलेला दोष रक्ताच्या तपासणीत निघाला. या वयात कशाला, असं मीबी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तब्येत चांगली आहे, पुढं वर्षं आहेत. दरवर्षी तपासत राहा, नाहीतर काढून टाका. ठरवायचं तुम्ही." मी ठरवलं.

घरात आधी कुणाला होता, असं त्यांनी विचारलं. मी सवयीनं सांगितलं, भूकंपात आईच्या छातीवर तुळई पडली, त्यानं गाठ झाली. अजून कुणाला, म्हणाल्या, तर मी थोरल्या बहिणीचं, आक्काचं नाव घेतलं, तिलाबी तीच गाठ. आक्का तर त्या रात्री नांदेडला सासरी होती. तिच्यावर कोणती तुळई पडली गं?

मेसमधल्या पोरींच्या परीक्षा झाल्यावर बघू म्हणतीस, त्या दरवर्षीच असतात. तूबी रक्ताची तपासणी करून घे. तुझ्या लेकीसाठी, मेघासाठी तरी.

आठवतं का, आई शेवटी म्हणायची, "छातीवरची तुळई उचला." आपण दोघी दोन बाजूंनी हात लावून नुसती हवा उचलायचो. इथं रोज ती स्वप्नात येते, तेच म्हणते. पण माझ्याकडं बघत न्हाई. तुझ्याकडं बघते.

तुझी वाट बघणारी,
केवळाताई