उपाशी तुकडा

२२ फेब्रुवारी

वारा जास्त. हवा धरायची प्लेट उघडून उसाच्या कडेला ठेवली तर पाचटाचा तुकडा येऊन पडला. ती बाद. दुसरी ठेवली आणि मागे वळलो — झाकण कुठंय? खिशातच होतं. तरी दोनदा चाचपलं.

बिरदेव बांधावरून ओरडला, "काय रं बिलाल, आज हवा किती लिटर भरली?" त्याच्या मेंढ्यांचा तळ सध्या नदीकाठी आहे, त्यामुळे रोज जाता-येता हाच विनोद. मी रोज हसतो. एखाद्या दिवशी विचारलं नाही तर चुकल्यासारखं वाटेल. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढं एकच वाक्य असतं.

२४ फेब्रुवारी

गौतमी मॅडमचा पुण्याहून फोन. "कोऱ्या तुकड्यात कुणी गेलं नाही ना?" नाही गेलं. कोण जाणार? इथं वडगाव रासाईत त्या तुकड्याशी माझ्याशिवाय कुणाला देणंघेणं नाही.

लिहून काढलं की धीर येतो, म्हणून लिहितो. ज्ञानू आबांच्या रानातले अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे दोन तुकडे मॅडमनी खंडानं घेतलेत. एकाला शेणखत. दुसऱ्याला काहीच नाही — खत नाही, औषध नाही. तो कोरा. दोन्हींची माती घ्यायची, दोन्हींवरची हवा प्लेटवर धरायची, आणि मातीतले कोणते जिवाणू उठून हवेत जातात ते बघायचं. कोरा तुकडा कोरा राहिला तरच शेजारच्याबद्दल काही म्हणता येतं. मे महिन्यात तीन वर्षं पुरी होतील. मॅडम म्हणाल्या आहेत, संशोधनाच्या पेपरात तुझं नाव घालीन — आणि पुढं पुण्याच्या लॅबमध्ये घेईन. बारावीच्या परीक्षेला न बसलेल्या पोराला!

अम्मीला हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की मोडतं.

२७ फेब्रुवारी

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहतो, तिथं अजान ऐकू येत नाही. मोबाइलवर वेळ बघून रोजा सोडला. खजूर, पाणी, सकाळचा भात. घरी, दौंडला, या वेळी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. इथं फक्त पेटीची घरघर — प्लेटवरच्या जिवाणूंना ऊब मिळावी म्हणून ती पेटी. या रानात सगळ्यात चांगली सोय त्यांचीच आहे.

१ मार्च

आज संध्याकाळी गिताआजी — आबांची बायको — भाकरी आणि पिठलं झाकून घेऊन आल्या.

"पानी बी पीत न्हाईस म्हनं?"

"नाही आजी, सूर्य मावळेपर्यंत नाही."

"आन् ह्ये रोज? महिनाभर? अगं बया! आमची एकादशी म्हंजी दुप्पट खाशी!"

आबा मागे उभे होते. माझ्याकडं नाही, कोऱ्या तुकड्याकडं बघत म्हणाले, "तू उपाशी, आन् तुझा तुकडा बी उपाशी."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, त्यांच्या वडलांनी सगळी हयात मेंढरं राखली. शेतकरी दाण्याची पोती घेऊन यायचे — एक रात आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. लेंडी पडली, मूत मुरला, की माती जागी होते. "रान असं कोरडं ठिवनं बरं न्हाई, पोरा."

मी समजावलं. मॅडमनी मुद्दाम तसं ठेवलंय.

"मुद्दाम?" एवढंच म्हणाले, आणि गेले.

पिठलं गरम होतं.

६ मार्च

माती घेतली. पिशव्यांवर नावं घातली. मग परत सगळ्या उघडून बघितल्या, पिशवीतलं आणि वरचं जुळतंय ना. जुळत होतं. जुळतंच. तरी!

मॅडमनी एकदा गाडीत सांगितलं होतं: आधी त्या नुसत्या मातीवर काम करायच्या. एका उन्हाळ्यात धुळीची वावटळ अंगावर आली. घरी जाऊन त्यांनी तोंड पुसलेला रुमाल प्लेटवर दाबला. "त्यात आख्खं शेत उगवलं रे." तेव्हापासून वीस वर्षं हवेच्या मागे. बरोबरचे लोक हसायचे, म्हणे — तुमचं शेत कुठंय मॅडम, आभाळात? त्या म्हणतात, हवा म्हणजे उठून गेलेली माती.

त्यांच्या घरी कोण असतं माहीत नाही. फोन उचलतात तेव्हा मागे कधी कुणाचा आवाज नसतो.

१२ मार्च

कोणी बोललं नाही. बिरदेवही नाही — मेंढ्या पल्याड नेल्यात.

१९ मार्च

आज ईदसाठी घरी निघालो. मॅडमनीच सांगितलं, जा, चार दिवस काही बिघडत नाही. पेटीचं कुलूप बघितलं. आबांना म्हटलं, "तुकड्याकडं तेवढं लक्ष असू द्या."

आबा म्हणाले, "तू निर्धास्त जा. तुझ्या तुकड्याचं माझ्यावर सोड."

किती बरं वाटलं! केडगावला गाडीत बसेपर्यंत एकदाही वाटलं नाही की काही राहिलंय.

२१ मार्च, दौंड

ईद. शीरखुर्मा दोनदा. मामूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अभी भी हवाच पकडता क्या? तनखा कौन देता, हवा?" सगळे हसले. अम्मीसुद्धा. मी पण.

दुपारपासून रानाकडं जावंसं वाटतंय. घरी आलो तरी घरच आठवतंय, असं काहीतरी.

२३ मार्च

कोऱ्या तुकड्यात लेंड्या.

एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत! माती खुरांनी उकरलेली, मुताचा उग्र वास. चारी कोपऱ्यांत खुंट्यांची भोकं — वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावतात ती जाळी, तिच्या खुंट्यांची. मी बांधावर उभाच राहिलो.

आबा लांबून हात करत आले. "बघितलंस का? बघितलंस का?"

"आबा, हे —"

"ईदी! तुमच्यात सनाला मोठी मानसं ल्हानग्यास्नी ईदी देत्यात, व्हय ना? म्हनलं, पोराला काय द्यावं? पैसं खर्चून जात्यात. बिरदेवाला म्हनलं, बिलालच्या तुकड्यात एक रात मेंढरं बसिव. त्यो म्हनला, दुसऱ्याला शब्द दिलाय. म्हनलं, मी चुलता हाय तुझा! आधी माझं."

गिताआजी मागून म्हणाल्या, "घरातली जवारी घातली बिरदेवाला. फुकट न्हाई बसत मेंढरं."

मी म्हटलं, "शुक्रिया." आबांनी पाठीवर जोरात थाप मारली.

अब्बा गेल्यापासून मला कुणी ईदी दिली नव्हती.

२४ मार्च

मॅडमचा फोन. "सगळं ठीक?"

"ठीक."

२६ मार्च

बांधालगत हातभर पट्टी आहे, वाघरीच्या बाहेर राहिलेली. तिथं एकही लेंडी नाही. मेमध्ये माती तिथूनच घेतली तर? हवेच्या प्लेटा वारा पडलेला असताना, त्या कडेलाच ठेवल्या तर? कुणाला कळणार? इथं येतं कोण!

परवा ठेवलेली प्लेट आज पेटीतून काढली. कोऱ्या तुकड्यावर नेहमी मोजके ठिपके उगवतात, एकमेकांपासून लांब लांब. आज जत्रा. एकमेकांच्या अंगावर चढलेत. पांढरे, पिवळे, एक गुलाबी — तो तर इथं कधीच बघितला नव्हता.

ही प्लेट टाकून देता आली असती. झाकली, तारीख घातली, परत ठेवली.

२७ मार्च

जेवलो नाही. आजीला वाटलं अजून रोजा आहे.

२८ मार्च

सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "तू कुठं होतास?"

"ईदला घरी."

"हो. मीच पाठवलं. पूर्ण तुकडा?"

"बांधालगतची पट्टी सोडून."

"ती उपयोगाची नाही."

पट्टीबद्दल माझ्या मनात आलेलं त्यांना कळलं की काय, असं वाटलं. मी म्हटलं, मॅडम, तीन वर्षं — त्या म्हणाल्या, "आबांना काही बोलू नकोस. त्यांनी प्रेमानं दिलंय." आणि फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० मार्च

फोन नाही. कपडे घडी करून ठेवले. पेटी कुणाच्या ताब्यात द्यायची ते विचारायला हवं.

आबांनी बांधावरून विचारलं, "माती कशी वाटतीया आता?"

"जागी झालीय, आबा."

खूश झाले. ते खूश झाले की मला बघवत नाही.

२ एप्रिल

मॅडमचा फोन आला! आधी नुसते प्रश्न. मेंढ्या किती होत्या? रात्र एकच ना? नक्की कोणती? वारा कुठला होता? मी बिरदेवला गाठून विचारलं आणि परत फोन केला.

मॅडम भराभर बोलत होत्या, कधी नव्हे तशा. तुकडा जवळजवळ तीन वर्षं कोरा होता, त्याची सगळी नोंद आहे. मेंढ्या नेमक्या कुठल्या रात्री बसल्या ते माहीत आहे. मग त्या एका रात्रीनं मातीत काय बदलतं, ते हवेत कधी दिसतं, किती काळ टिकतं — हे बघायची अशी संधी मागून मिळाली नसती. "बिलाल, जुना प्रश्न गेला. नवा त्याच्याहून चांगला आहे. ती माती आता वर्षभर आहे तशी राहिली पाहिजे. नांगर नाही, पाणी नाही, बोटसुद्धा नाही. तू अजून एक वर्ष राहशील ना तिथं?"

राहशील ना! मी तीनदा हो म्हटलं.

घडी केलेले कपडे खुंटीला लावले. आणि हे सांगायला कुणी नाही. पेटीला सांगू?

३ एप्रिल

आबांना सांगितलं. मॅडमनी नको म्हटलं होतं, पण आता तर चांगलंच झालं होतं ना सगळं! आणि मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

बांधावर बसून पहिल्यापासून सांगितलं. कोरा का ठेवला होता, मेंढ्या बसल्यानं काय झालं, मी किती घाबरलो. हसत हसतच सांगत होतो. "मला तर वाटलं आबा, नोकरी गेली!"

आबा हसले नाहीत. "म्हंजी माझ्यापायी तुझं नुसकान झालं."

"नाही नाही, आता फायदाच आहे. मॅडम म्हणाल्या, हे आधीपेक्षा चांगलं —"

"मोठी मानसं बोलत्यात तसं," आबा म्हणाले. "ज्यानं बिगडिवलं त्याचं मन मोडू नये म्हनून."

मी परत सांगितलं. त्यांनी मान हलवली, डॉक्टरसमोर हलवतात तशी. मग उठले. आजी घराकडून हाका मारत होत्या, तिकडंही वळून बघितलं नाही. मेंढ्यांच्या तळाकडं गेले.

उद्या शिरूरला जायचंय. मॅडमनी पाठवलेल्या नव्या प्लेटा तिथं आल्यात. परवा सामान घेऊन परत. तेव्हा शांतपणे बोलीन.

५ एप्रिल

दुपारी परतलो. कोरा तुकडा चार बोटं खाली गेलाय. लेंड्यांसकट वरची सगळी माती ओढून आबा, आजी आणि बिरदेवनं बांधापल्याड टाकलीय. दोन दिवस हेच करत होते. खालची फिकट माती उघडी पडलीय. आजींनी तिच्यावरून खराटाही फिरवलाय.

"हुतं तसं करून दिलं," आबा म्हणाले. तळहातांना फोड, एक फुटलेला. "एक लेंडी घावली तरी सांग. मॅडमला म्हनावं, पोराला काय बोलू नगा."

खिशात फोन वाजत होता. मॅडम. वाजू दिला. आजींकडून हळद मागून घेतली आणि आबांचा हात हातात धरून बसलो.