आईला ऐकू आलेला आवाज

मेम्फिस, ऑगस्ट १९५८

क्लीटसदादा,

आईच्या इस्त्रीच्या ठेक्यावर तू रचलेलं गाणं आता सातवा गायक गातोय. हाही गोराच आहे, पण आवाज गोड आहे त्याचा. तुझी तबकडी मात्र कुणीच लावत नाही. मूळ गाणं का लावत नाही, असं मी रेडिओ केंद्राला फोन करून विचारलं, तर तिथली बाई म्हणाली, "मूळ गाणं हेच तर आहे!"

दृष्टी गेल्यापासून आई रेडिओपाशीच बसून असते. काल ते गाणं लागलं आणि ती ओरडली, "लोरीन, धावत ये गं, माझा क्लीटस गातोय!" मी सांगायला तोंड उघडलं, पण ती टाळ्या वाजवत डोलायला लागली होती. मग मीही म्हणाले, "हो आई, तोच."

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "आधी किती घसा खरवडायचा मेला! आता सुधारलाय. त्याला कळव हं, म्हणावं, असाच गात जा."

शिकागोच्या कारखान्यात तू अजून गुणगुणतोस की नाही, मला ठाऊक नाही. तिला खरं सांगायचा धीर मला होत नाही, आणि हे पत्र टपालात टाकून तिचा निरोप तुला कळवायचाही.

तुझी,
लोरीन